गिटारीची हलती घोडी

आई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या रविवारी सातारचा तो फौजी आला होता. तू त्याला एकदाच पाहिलं होतंस, तू जाण्याच्या चार महिने आधी, माधवनगरच्या आपल्या खोलीवर. आता तो पेन्शनवर घरी आला आहे.

२. त्याची विजेची गिटार तो माझ्याकडे ठेवून गेला. सूर हलवायची दांडी दाबून सोडली की तारा मूळ सुरावर परत येत नाहीत. तक्रार तेव्हाचीच आहे.

३. मंगळवारी मी तारांखालची घोडी उघडली. ज्या धारेवर ती झुलते ती धार चेपली आहे. भिंगाखाली स्पष्ट दिसतं.

४. ती धार मी केली होती. तिला तापवून पाणी दिलेलं नव्हतं.

५. सहाही तारा चुकतात, पण दोन जाड तारा त्यातल्या त्यात कमी चुकतात. त्या दोन तारांच्या वरच्या खाचांत तुझं काळं वंगण अजून आहे.

६. ते वंगण घालणारी बाई कुठे असते, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगते.

एवढंच झालं. बाकीचं लिहायला चार दिवस गेले. दिवसा कारखान्यात इंजिनाचे भाग मोजायचे, संध्याकाळी खोलीवर येऊन गिटारीसमोर बसायचं. आता मी सांगलीत गावभागात राहते. खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीशी टेबल. तुला टेबल बघून हसू आलं असतं. माधवनगरला आपण पत्र्याच्या पेटीवर कागद पसरायचो, आणि मी रेघा मारताना तू पेटीचा कोपरा गुडघ्याने धरून ठेवायचीस, हलू नये म्हणून.

ती गिटार काय असते ते तुला कुणी नीट सांगितलंच नाही. मीही नाही. लढाईत कलकत्त्याला त्याने एका अमेरिकन सोल्जरकडून घेतली होती. हा पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, पण जीव बसला तो ह्या वाद्यावर. सतारीला घोडी असते तशी हिलाही असते, फक्त हिची घोडी हलती. तिला एक दांडी लावलेली. दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर खाली उतरतो, सोडली की स्प्रिंग घोडीला मागे ओढते आणि सूर वर येतो. हळूहळू दाबत सोडत राहिलं की सूर पाण्यावर पडलेल्या उजेडासारखा हलतो. अमेरिकनाची मूळ घोडी प्रवासात तुटली होती. मिरजेच्या सतारवाल्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि त्याला परत दिली. म्हणाले, आमची घोडी बसती, ही नाचती, हे आमचं काम न्हवं. सांगलीत एक पोरगी हाय, पुण्याला लढाईसाठी काढलेल्या कारागिरीच्या वर्गात मोजमाप शिकून आलीय, तिला दाखवा. असा तो माझ्याकडे आला. पहिल्या भेटीत, कारखान्याच्या फाटकाशीच, तो मला इंजनेरबाई म्हणाला. मी एकवीस वर्षांची होते. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

मी काम घेतलं. एक जाड पट्टी, तिची पुढची कड तराजूच्या दांडीसारखी धार काढून दोन खांबांच्या खाचेत टेकवलेली, मागे दोन स्प्रिंगा. स्प्रिंगा तू आणल्यास, तुझ्या मिलमधल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला विचारून, मागाच्या भंगारातून. सहा तारांचा ताण मिळून एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका होतो. तो सगळा त्या धारेवर येतो. अशी धार लाल तापवून, पाणी देऊन कडक करायची असते, हे मला वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पण भट्टी कारखान्यात होती आणि त्यासाठी फोरमनकडे जाऊन मागावं लागलं असतं. मला कुणाकडे मागायला आवडत नाही. मी हिशेब केला की दांडी काही दिवसभर दाबायची नाही, चालेल. हिशेबाच्या कागदावर मी धारेवरच्या ताणाचा आकडा लिहिलाच नाही. तुला हे तेव्हा सांगितलं असतं तरी तू मला काही म्हणाली नसतीस. म्हणूनच लिहिते.

घोडी बसवली. कॉलेजातला स्वरकाटा, ठोकला की एकच सूर देणारा लोखंडी चिमटा, कानाशी धरून मी तारा लावते आहे. दांडी दाबते, सोडते, तार उतरलेली. पुन्हा लावते, पुन्हा उतरलेली. तू पाळीवरून आली आहेस, केसांत कापसाची पिंजण, आणि चुलीपुढे बसण्याऐवजी माझ्या मागे उभी आहेस. तू पंधरा वर्षं मिलमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्यास. धागा कुठे अडतो ते तुला न बघता कळायचं. तू हात पुढे केलास आणि गिटारीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, जी पांढऱ्या हाडाची पट्टी असते आणि तिच्या खाचांतून तारा जातात, तिथे बोट ठेवलंस.

"दाब बगू ती दांडी."

मी दाबली.

"सोड."

सोडली.

"हितं अडकतिया. खाली तुजी घोडी मागं जाती, पन वर तार खाचंत बसून ऱ्हाती. रुसल्यागत."

"आये, ते मी बघते. स्प्रिंग बदलायला हवी."

"बदल की. म्या कुटं न्हाई म्हनते? पन अडकतिया हितंच."

मी उठून पाणी प्यायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले आणि तुझी पाळी दुपारची होती. तू चिमणीचं काजळ धरलंस, त्यात एरंडेल आणि मेण घातलंस आणि सहाही खाचा भरल्यास. आटपाडीकडे तुझ्या माहेरी गाडीच्या आसाला तसंच काहीसं घालायचे, हे मला पुढे शेजारच्या काकींनी सांगितलं. मी आले तेव्हा पांढऱ्या हाडावर सहा काळे ठिपके होते. एकदा तार लावून बघावी, एवढंसुद्धा मी केलं नाही. करायला पाहिजे होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

कारण तेवढ्यात तो आला. सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी, सायकलवर, थेट चाळीत. आपल्या खोलीत. तू ऐनवेळी ती दुपारची पाळी दुसरीशी बदलून घेतली होतीस, कुणाचं तरी लग्न होतं म्हणून, आणि चुलीशी होतीस. मी त्याला पेटीवर बसवलं. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि ठिपक्यांकडे बघितलं.

"ह्ये काय वो इंजनेरबाई? काजळ लावलंय व्हय? गितारीला दिष्ट लागंल म्हनून?"

तू चहाचा कप घेऊन दाराशी उभी होतीस आणि पदर तोंडाला लावून हसलीस. तुला तो विनोद आवडला होता. मला दिसत होती ती तुझ्या केसांतली आदल्या दिवशीची पिंजण. मी म्हणाले, "मिलमधली एक बाई येते हाताखाली. तिने लावलं असणार. अडाणी आहे, सांगितलेलं कळत नाही."

हे वाक्य मी नेमकं लिहिलं आहे. शब्द इकडचे तिकडे केलेले नाहीत.

तू कप खाली ठेवलास. म्हणालीस, "व्हय जी. माजंच चुकलं. बाईसाहेबांस्नी ठावं बी न्हवतं."

"आसू द्या मावशी," तो म्हणाला. "च्या मातुर लय ग्वाड झालाय."

"आनि घ्या की," तू म्हणालीस आणि बाहेर गेलीस. त्याच्यासमोर मी स्पिरिटमध्ये चिंधी भिजवून खाचा पुसल्या. चार बारीक तारांच्या खाचा साफ झाल्या. दोन जाड तारांच्या खोल होत्या, चिंधी तळाशी पोचली नाही. मी तेवढ्यावर सोडलं. तो गिटार घेऊन साताऱ्याला गेला. तिथल्या कार्यक्रमात लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडून त्याने ती वाजवली आणि दुसऱ्याच गाण्यात ती बेसूर झाली. पुढे त्याची बदली झाली. हे मला त्याच्या कार्डावरून कळलं. कार्डात तक्रार नव्हती. मावशींना नमस्कार होता. ते कार्ड मी तुला वाचून दाखवलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तू भाकरी थापताना विचारलंस, "तार आली का गं जाग्यावर?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "मग ऱ्हाऊ दे." माझ्याकडे बघितलं नाहीस, पण ताटात पहिली भाकरी मलाच वाढलीस, रोजच्यासारखी. मला वाटलं, झालं ते मिटलं. पण त्यानंतर कारखान्यातून कुणी निरोप घेऊन आलं की तू उठून दाराबाहेर जायचीस आणि म्हणायचीस, बाईसाहेब आत हायत. चाळीतल्या बायका तुला हसायच्या. तू त्यांना काय सांगायचीस मला माहीत नाही. मी एकदाही म्हणाले नाही की आये, असं नको म्हणूस. जीभ वळली असती तर एका वाक्याचं काम होतं.

मग तुझा ताप. तेवीस दिवस. दवाखान्यात तुला घातलं तेव्हा मी पाळीवर होते, काकींनी नेलं. संध्याकाळी मी कारखान्याच्या कपड्यांतच आले. नर्स म्हणाली, "तुमची बाई फार समजूतदार आहे हो. बाईसाहेबांना काम सोडून यायला लावू नका म्हणते. तुम्ही आलात, बरं केलंत. असं कोण येतं नोकरमाणसासाठी?" तिने कागद पुढे केला. रुग्णाशी नातं, तिथे तिने आधीच भरून ठेवलं होतं: मालकीण. माझ्या हातात पेन होतं. माझं काम काय, तर दुसऱ्याने लिहिलेलं माप तपासायचं आणि चुकलं असेल तर खोडून बरोबर लिहायचं. मी खाली सही केली. आतून तू बघत होतीस. मला वाटतं बघत होतीस. नवव्या दिवशी रात्रपाळीच्या डॉक्टरांसमोर तू मला बाईसाहेब म्हणालीस, तेव्हा तापाचा आकडा एकशे चार होता. शुद्धीत होतीस की नव्हतीस, रागावून म्हणालीस की मला सांभाळून घ्यायला, हे मोजायला माझ्याजवळ काही नाही. मी सहा वर्षं शोधते आहे.

आणि मागच्या रविवारी तो इथे खुर्चीत बसला होता, मिशा पांढऱ्या झालेल्या. "आवं बाई, राग मानू नका, तुमी शिकलेल्या हायसा," तो म्हणाला. "पन त्या मावशींनी जितं काळं घातलंया, तितंच तारा शान्या ऱ्हात्यात. बाकीच्या चार म्हंजी पार उंडग्या. सहा वर्सं वाजवतुया, मला ठावं हाय. मावशींला बोलवा की एकडाव. समद्या खाचा भरून घेतो. लुगडं आनतो त्यांस्नी. कंचा रंग आवडतोय?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. ती गेली. ती माझी आई होती. दोन वाक्यं. मी पहिलं म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोण होती तुमची, आणि मग दुसरं आलं असतं. म्हणून पहिलंही म्हणाले नाही. हिरवा, एवढं बोलले. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तो येईल, लुगडं घेऊन.

धारेचं मी केलं आहे. काल फोरमनकडे गेले आणि भट्टी मागितली. त्यांनी लगेच दिली, विचारलंसुद्धा नाही कशाला. नवी धार लाल केली, पाणी दिलं, घासली, बसवली. आता ती शंभर वर्षं चेपणार नाही. उरल्या त्या चार खाचा. काजळ धरलं, एरंडेल घातलं, मेण घातलं. पहिलं पातळ झालं, दुसरं इतकं घट्ट की तार त्यात रुतून बसली, तिसरं काल रात्री केलं, तेही तुझ्यासारखं नाही. तुझ्या दोन खाचांतलं खरवडून बघावं, म्हणजे प्रमाण काढता येईल, असं मनात आलं. टाचणी हातात घेतली होती. खरवडलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही. तरी दोन गोष्टी विचारते. काजळाला एरंडेल किती आणि मेण किती. आणि तो दारात उभा राहील तेव्हा त्याला तू माझी कोण म्हणून सांगू, आई की हाताखालची बाई, मला हवं ते की तुला चालेल ते. गाडी रविवारी आठला पोचते. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.