पेटीतलं भरण

४ मार्च
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. दादाची छर्‍याची बंदूक छोटीला फळली. महिनाअखेरीस कॉलेजच्या नेमबाजी संघाची निवड आहे, म्हणून मागच्या भिंतीला कागद लावून आमचा सराव चालतो. काल एक छर्रा विटेवर आपटून परत आला. छोटीच्या डोळ्याखाली जरा लागलं, एकच टाका. आता भिंतीपुढे प्लायवूड लावलंय. दादाची ती छर्रे अडवायची, कपडे कोंबलेली पेटी मात्र नको. नेम धरायचाय की धुणं धुवायचंय, असं मी त्याला नेहमी विचारायचो.

धाकट्यावर माया असू द्या.
आपला दीर

८ मार्च
चि. भाऊजींस,
अ. आ.

'जरा लागलं' वाचून धन्य झाले. जन्मभर लोकांना विमा विकलात आणि पोटच्या मुलीचा डोळा विटांच्या भरवशावर सोडलात.

वीट, दगड, कठीण लाकूड छर्रा परत फेकतात. पातळ प्लाय आज अडवेल, रोज तिथेच मारलं की एक दिवस आरपार. पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालते, तेवढं तरी पाहिलंत का? तुमच्या दादांनी हे किती वेळा सांगितलं. तुम्ही हसत होतात, मी चहा गाळत ऐकत होते.

पेटी टेम्पोने पाठवते. मागचा जाड पत्रा मुद्दाम तिरका आहे, छर्रा खाली पडावा म्हणून. तो सरळ करायची हुशारी करू नका. तोवर बंदूक कपाटात. छोटीला डोळ्यांवर घालायचा जाड चष्मा आणा.

माया तिला सांगा. तुमचं पुढे पाहू.
वहिनी

१५ मार्च
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

प्लाय उलटून पाहिलं, मागून फुगलं होतं. काढून टाकलं. पेटी पोचली, पण पुढचा पुठ्ठा काढला तर मधोमध मूठभर पोकळी, थेट पत्र्यापर्यंत! कडेचे कपडे जसेच्या तसे. दादाची पेटी फाटकीच निघाली म्हणायची. दुकानदार म्हणतो फोम भरा. की जुने कपडे तुमच्याकडे पडून असतीलच?

राग धरू नये.
आपला दीर

१८ मार्च
चि. भाऊजींस,
अ. आ.

फोम उशीत बरा. पेटी फाटकी नाही. तुमचे दादा वर्षानुवर्षं एकाच जागी मारत होते, म्हणून तिथलंच भरण झिजलं. तुम्ही मारलं असतंत तर पेटी कोरी राहिली असती आणि भिंतीची चाळण झाली असती. दर महिन्याला ते भरण उपसून पुन्हा ठासायचे. शेवटच्या आजारपणात तेवढं राहिलं.

कपडे 'पडून' नव्हते, कपाटात होते. पाच महिने ते कपाट मी उघडलं नव्हतं. काल उघडलं. त्यांचे शर्ट पाठवते आहे. बटणं सगळी कापली, कडक वस्तूवरून छर्रा उडतो. ती माझ्याकडे बरणीत राहतील. शर्ट इतके घट्ट ठासा की मूठ मारली तरी आत जाता कामा नये. सराव झाला की दोघांनी हात धुवा, छर्रे शिशाचे असतात.

छोटीने नीट मारलं तर मधोमध पुन्हा पोकळी पडेल. पडली की लगेच कळवा. तुम्ही हात लावू नका, मी येऊन भरीन.

मायेचं म्हणाल तर, शर्ट पाठवले आहेत.
वहिनी