सौरज्वालांचा माझ्या तळहातांवर होणारा परिणाम

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
शोध लागला! माझं सोरायसिस सूर्यामुळे भडकतं. उन्हामुळे नव्हे, सूर्यावर स्फोट होतात त्या सौरज्वालांमुळे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये बत्तीस वर्षं मीटर वाचले, मला आकडे फसवत नाहीत. पावसाळ्यात सूर्य पेटला, तळहात फुटले. दिवाळीपासून सूर्य थंड, तळहात साफ.
डॉक्टर म्हणतो, राग कमी करा आणि मलमाची ट्यूब लावा. मी कुठे रागावतो? मूर्ख माणूस! ट्यूब दिवाळीलाच बंद केली. तरी हात साफ. आता बोल.

५ फेब्रुवारी
प्रयोगाचे नियम. रोज सकाळी वेबसाइटवरून सूर्याचं रीडिंग. तळहातांना दहापैकी मार्क. सरिता वाटीत कोमट खोबरेल देते ते चोळायचं; बायकोचं समाधान, शास्त्राशी संबंध नाही. आवाज चढवायचा नाही.
संध्याकाळ. वरच्या मजल्यावरच्या बळीरामवर आवाज चढला. टाकी तासभर वाहत होती. हा दिवस धरू नये.

१२ फेब्रुवारी
एका प्राध्यापकाला निबंध पाठवला होता. उत्तर आलं, सॅम्पल एकच माणूस आहे. अरे, वीस वर्षं मी एकटाच खाजवतोय, तर सॅम्पल किती असणार! चार पानी उत्तर लिहिलं. तीन पानं नुसता अपमान.

१८ फेब्रुवारी
पायलला मुलगी झाली. कळमेश्वरला, सासरी! पहिलं बाळंतपण इथे माहेरी, बेसाला व्हायचं होतं. पण म्हणाली, बाबा दिवसभर ओरडून राह्यते, बाळ दचकन, आईलेच इकडे पाठवा. मी ओरडतो? हे फोनवर एवढ्या जोरात विचारलं की बळीराम खाली आला.
सरिता घाईघाईत दुपारच्या बसने गेली. नामकरण १५ मार्चला. नातीला पहिल्यांदा उचलीन ते साफ हातांनी. तळहात : नऊ.

२६ फेब्रुवारी
तळहात : सहा. तेल मीच गरम करतो. बाटली तीच, वाटी तीच. म्हणजे सूर्यच. साइट म्हणते सूर्य शांत.

३ मार्च
तळहात : तीन. भेगा. शर्टाची बटणं लागत नाहीत. साइट : शांत. साइट बिघडलीय! कंट्रोल रूममध्ये हाताखालचा संघपाल एकदा ‘मीटर बिघडलं’ म्हणाला तेव्हा मी त्याला मेमो दिला होता. ते प्रकरण वेगळं.
सरिताचा फोन. तेलाबद्दल काहीतरी सांगत होती. इथे सूर्य जळतोय आणि हिला तेल सुचतंय! फोन कापला.

११ मार्च
तळहात : एक. सूर्याला शिव्या दिल्या. गच्चीवरून. बळीरामला वाटलं त्यालाच.

१५ मार्च, संध्याकाळी ६
कळमेश्वर. बुद्धवंदना झाली, नामकरण झालं. मी पूर्ण वेळ हात खिशात घालून. पायलने बाळ पुढे केलं. म्हणालो, सर्दी आहे, नको. ती म्हणाली, अजून रागावूनच आहे का बाबा? आणि बाळ सासऱ्यांकडे दिलं. त्यांचे हात गुळगुळीत. संताप आला.
स्वयंपाकघरात सरिताने माझे हात ओढून पाहिले. म्हणाली, ट्यूब नाही लावली? मी विचारलं, कोणती ट्यूब? म्हणाली, डॉक्टरची. तुम्ही तं लावत नव्हते, म्हणून दिवाळीपासून मीच तेलात घालून देऊन राहिली होती, डॉक्टरले विचारूनच. नवी तांदळाच्या डब्यामागं आहे. तेच तं सांगत होती फोनवर, तुम्ही आयकाल तं ना!

१६ मार्च, सकाळी ७.१०
सूर्य : पाहिला नाही. ट्यूब लावली. डब्यामागेच होती.
पायलला फोन केला. रागावलो नव्हतो, हात खराब होते, असं सांगितलं. ती म्हणाली, मंग घ्याचं होतं ना तिले, बाबा. हे काय एकाचं दुसऱ्याले लागते? वीस वर्षांपासून तुमालेच माहीत नाही?
माहीत होतं.
नातीचं नाव काय ठेवलं, ते माझ्या लक्षात नाही. तेव्हा मी खिशात भेगा मोजत होतो. पुन्हा फोन करून विचारायची हिंमत होत नाही.