भोपळ्यातला कान

५ ऑक्टोबर
गॅरेज उघडलं. कोल्बीचं टेबल जसंच्या तसं — तारांची भेंडोळी, लेझरचे डबे, अर्धवट रंगवलेलं खोटं पकडायचं यंत्र. एप्रिलपासून कुणी हात लावला नव्हता. गेल्या हॅलोविनला आमचं दार म्हणजे हेरांचा अड्डा होता! पोरं सोंगं घेऊन, खाऊ मागायला हिरवळीवर रांग लावून उभी. यंदा माझा पोरगा तुरुंगात आणि मी इथे धूळ झटकतेय.

पण करायचंच. तीस वर्षं टेलिफोन कंपनीत तारा जोडल्या, ही चार यंत्रं जोडता येणार नाहीत होय?

८ ऑक्टोबर
नॉर्मचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलणं थोरल्यासारखं. "आर्डी, घर वीक आणि इकडे ॲरिझोनाला ये. त्या गल्लीत आता तुझं कोण आहे? तुझ्या पोराने दारू पिऊन ब्रँटांच्या पोरीच्या अंगावर गाडी घातली. लोक विसरतील, वाटतं तुला?"

लोक कशाला विसरतील? मीच विसरले नाही. हेली ब्रँट, दहा वर्षांची पोर, काठीशिवाय चालू शकत नाही. दोन घरं सोडून राहतात. तिच्या आईशी, रोझलिनशी, तेव्हापासून एक शब्द नाही. समोर आलो की आधी मान कोण फिरवतं, ती का मी, देव जाणे.

नॉर्मला सांगून टाकलं — हॅलोविनला मुलं माझ्या दारी आली तर मी इथेच राहीन. नाही आली तर विक्रीच्या कागदांवर सही. गिऱ्हाईक तयारच आहे.

"पोरांच्या हाती घर सोपवतेस!" म्हणे. मग काय झालं? मोठ्यांपेक्षा ती खरी.

१३ ऑक्टोबर
टेलिफोन जमला! काळा, जुना, चकतीचा. उचलला की माझाच घोगरा आवाज — "एजंट, तुमचीच वाट पाहत होतो. किरणांना न शिवता पुढे या." ऐकून मलाच हसू फुटलं. किती दिवसांनी!

समोरच्या घरातला म्हातारा एकडाल बघत उभा. "बाई, वेड लागलंय का तुला?" हा बोलणार! हॅलोविनला दारातला दिवा मालवून बसतो दरवर्षी, एक गोळी द्यायला नको म्हणून. दिवा बंद म्हणजे या घरी येऊ नका — शेंबड्या पोरालाही कळतं.

१७ ऑक्टोबर
बोट भाजलं. यंत्र मुकंच.

२१ ऑक्टोबर
कोल्बीचा फोन. यंत्राची एक तार उलटी होती, त्याने तिथून बरोबर सांगितली. "आणि आई, गेल्या वर्षी किरण दिसतच नव्हते, आठवतं? उजेड फार होता." मग म्हणाला, "आई, हेली येईल का गं?"

मी विचारलं, "जेवलास का?"

त्याचा राग येतो. आवाज ऐकला की फोन ठेववत नाही, तरी राग जात नाही. दोन्ही एकाच वेळी. कुणाला सांगू?

२४ ऑक्टोबर
उजेडाचा बंदोबस्त केला. दारातल्या दिव्याची तार पायवाटेच्या तोंडाशी टाकलेल्या चटईखालच्या बटणाला जोडली. आधी सगळीकडे काळोख. एजंटाचं पाऊल पडलं की दिवा लखकन चमकून विझेल, फोन खणखणेल आणि लाल किरण उभे राहतील. काय दिसतं म्हणून सांगू! कोल्बीला दाखवायला हवं होतं.

टपालपेटीशेजारच्या, हॅलोविनसाठी कोरलेल्या भोपळ्यात मायक्रोफोन बसवला. मी गॅरेजात हेडफोन कानाला लावून बसणार. कुठला एजंट आला ते ऐकून त्याला नावाने बोलावणार. भिंतीला कान असतात म्हणतात, माझ्या भोपळ्याला आहेत.

३० ऑक्टोबर
पायऱ्यांवर फळी टाकली. एका बाजूने किरण काढून वाट रुंद केली, काठी अडखळायला नको. कुणासाठी, ते लिहीत नाही.

३१ ऑक्टोबर
घरातलेही सगळे दिवे मालवले. पडदे ओढले. बसले.

पावलं आली. खाऊच्या पिशव्यांची खसखस. हसणं — आणि माझ्या घराशी आलं की हसणं थांबायचं. पावलं पुढे. पुन्हा तेच. चटईवर एक पाऊल नाही.

मग काठीचा आवाज. तो मला कळतो. उठून उभीच राहिले मी. रोझलिनचा आवाज भोपळ्यातून स्पष्ट आला — "इथे नाही. चल पुढे."

"पण आई —"

"नाही म्हटलं ना!"

हेडफोन काढून ठेवला. झालं. काय ते कळलं.

१ नोव्हेंबर
सही केली. गिऱ्हाईकानेही लगेच केली. आता माघार नाही. चॉकलेटांचं घमेलं तसंच कचऱ्यात.

३ नोव्हेंबर
दारात रोझलिन. हातात गरम नूडल्सचं भांडं, मागे काठी टेकून हेली, अंगात काळा हेराचा कोट. "आर्डिस, हिने हा तुझ्या दारासाठीच शिवून घेतला होता. पाय निघत नव्हता तिचा तिथून, मीच ओढून नेली. म्हटलं, यंदा तुझ्याने होत नसेल, नको त्रास द्यायला. गल्लीत सगळ्यांनी तेच केलं. तुझा दिवा बंद होता गं."