टिंबूचे निरोप

४ फेब्रुवारी, मंगळवार

टिंबूच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. म्हणाल्या, तक्रार काहीच नाही, हीच तक्रार आहे. सात वर्षांची पोर आणि एकदाही दंगा नाही! मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून सगळ्यांची तोंडं बघत बसते. दोन मुली खोडरबरावरून भांडल्या, तर ही मध्ये जाऊन स्वतःचं देऊन आली. मागच्या वर्षी घडाघडा वाचायची, आता अडखळते. उंचीप्रमाणे उभं करतात त्या रांगेत मधोमध असायची, आता सगळ्यांत पुढे आली आहे. बाकीच्या वाढल्या, ही तेवढीच.

घरी काही ताण आहे का, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, छे, आमच्या घरात आवाजसुद्धा चढत नाही.

खोटं नाही ते. दोन वर्षांपूर्वी माझी आई दवाखान्यात होती. मी पिशवी भरून निघाले होते, तर नवरा म्हणाला, आज नको, उद्या सकाळी जा. सकाळपर्यंत ती राहिली नाही. त्यावरून आमचं एकदाच कडाक्याचं वाजलं. टिंबू पलंगाखाली जाऊन बसली, कपडे ओले केले, बाहेर येईना. भांडण तिथंच टाकलं. दोघांनी ठरवलं — मुलीसमोर भांडायचं नाही.

घर दोन खोल्यांचं. मुलगी कायम समोरच. मग बोलणंच बंद पडलं. आम्ही दोघं शब्दाला पक्के निघालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेले. आले. स्वयंपाक केला. झोपले.

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्यांचं सकाळपासून चालू होतं. ती त्याला म्हणत होती, तुझ्यापेक्षा दगड बरा. तो म्हणत होता, मग दगडाशी करायचं होतंस लग्न. भांड्यांचा आवाज. थोड्या वेळानं दोघंही चहा पीत दारात उभे! त्यांची पोरगी तेवढा वेळ जिन्यात दोरीवरच्या उड्या मारत होती. गुटगुटीत आहे, टिंबूच्याच वयाची, पण डोकं टिंबूच्या वर जातं. मला त्या पोरीची नेहमी कीव येते.

आमच्याकडे सगळं शांतपणे होतं. मी टिंबूला म्हणते, बाबांना सांग गॅस संपत आलाय. ती आतल्या खोलीत जाते, परत येते. "बाबा म्हणाले, आणतो. आणि म्हणाले, आजची भाजी छान झाली होती." मी बरं म्हणते. तो दिवसभर लोकांना गाडी शिकवतो. दुसऱ्यांच्या पायाखाली क्लच, त्याच्या पायाखाली जादा ब्रेक. घाबरू नका, हळू सोडा, मी आहे — असं बोलून बोलून घसा बसतो म्हणे त्याचा. घरी आल्यावर त्याला बोलावं लागत नाही, एवढी तरी सोय आहे.

भाजी छान झाली म्हणाला ते बरं वाटलं. मला हल्ली फारसं काही वाटत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कामावर, दातांच्या लॅबमध्ये, लहान तोंडाचा साचा आला. आमच्याकडे बहुतेक म्हाताऱ्यांच्या कवळ्या, नाहीतर मोठ्यांच्या दातांवरच्या टोप्या. लहान मुलांचं क्वचित. दुधाची दाढ किडून काढली की खालची येईपर्यंत जागा धरून ठेवायला तारेची कडी लागते, ती करायची होती. मी प्लास्टर ओतलं, सुकल्यावर सोडवलं आणि बघतच राहिले. उरलेल्या दाढा सपाट. वरवंट्यासारख्या. टेकाडं, खळगे, काही शिल्लक नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना दाखवलं. म्हटलं, कुणाचं लेकरू आहे हे, झोपेत दात खाऊन पार पीठ केलंय. त्या म्हणाल्या, जंत असतील.

मग पुढचे दात बघितले. वरच्या एका दाताचा कोपरा उडालेला. घसरगुंडीच्या कडेवर आपटून उडाला होता तो. मीच उचललं होतं तिला.

मागच्या आठवड्यात टिंबू म्हणाली होती, आई, माझा दात पडला. मी बरं म्हटलं. तोंडात बघितलं नाही. पुढचे दात पडायच्या वयात दाढ पडत नाही, हे कुणाला कळायला हवं होतं? मला विचारा!

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कडी केली. घासून गुळगुळीत केली, कुठंही टोचणार नाही अशी. चांगली झाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टिंबूला जवळ बसवून विचारलं. रागावले नाही. दाढ काढायला नेलं तेव्हा बाबांनी तुझ्याकडे काय निरोप दिला होता? ती पायाच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, आईला सांग दाढ काढायची आहे, तीही आली तर बरं होईल.

"तू मला सांगितलंस, आम्ही बागेत जातोय."

"हो."

"का गं?"

"तू नाही म्हणाली असतीस. मग मला ते ‘नाही’ बाबांना सांगावं लागलं असतं."

आणि मग म्हणाली, मी सगळे निरोप नीट करून सांगते. सगळे! भाजी छान झाली, असं तो कधीच म्हणाला नव्हता. माझा पाय दुखत होता तेव्हा त्यानं विचारलं नव्हतं. आणि त्याला ती जाऊन सांगायची, आई विचारते दमलात का. मी एकदाही विचारलेलं नाही. झोपायला गेली की उद्या कोणाला काय सांगायचं ते ठरवत बसते. एखादा चुकला तर काय, म्हणून परत पहिल्यापासून.

दोन वर्षं मी ज्या चार बऱ्या शब्दांवर काढली, ते एका पोरीनं अंथरुणात पडून तयार केलेले होते. आधी मला तिचाच राग आला. लाज वाटते लिहायला, पण आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कडी बसवून झाल्यावर दाताच्या डॉक्टरांनी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी एकटीच घेऊन गेले. त्यांनी टिंबूला बाहेर चित्रं काढायला बसवलं आणि वजन-उंची बघून तक्त्यावर ठिपके मांडले. मग बोलल्या. सगळं धड आठवत नाही. म्हणाल्या, ताण सगळेच वाईट नसतात. परीक्षा, नवी शाळा, पळण्याची शर्यत — छाती धडधडते, मग संपतं, पोर थोडं धीट होतं. घरात कुणी गेलं, आजारपण आलं, तो मोठा धक्का. पण कुणी जवळ घेऊन बसलं तर त्यातूनही निघतात. जो संपतच नाही आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तो मात्र पोरांना आतून खातो. शरीर सारखं पहाऱ्यावर उभं. मग झोप नाही, वाढ नाही, डोक्यात अक्षर शिरत नाही.

मी म्हटलं, पण आमच्याकडे भांडणं होत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग काय होतं?"

मी पर्सची चेन उघडली, परत लावली. त्या म्हणाल्या, भांडण बघून पोरं मोडत नाहीत एवढ्यानं. मारहाण नको, घाण बोलणं नको. पण भांडण मिटलेलं त्यांना दिसायला हवं. तुमचं मिटलंय का? आणि अजून वेळ आहे म्हणाल्या. या वयात पोरं भरून काढतात, मात्र घर बदललं तर. औषध लिहून दिलं नाही.

मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याला सांगायला हवं. टिंबूकरवी नाही. जमलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवताना बोलले. सरळ त्याच्याकडे बघून. किती दिवसांनी बघितलं — कानाजवळ पिकलाय. म्हटलं, दाढ काढली ते मला कळलंच नाही, निरोप पोचला नाही.

त्यानं तोंड उघडायच्या आत टिंबू घाईघाईनं त्याला म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय, दाढ काढली ते बरं झालं."

तो समोर बसलेला. मी समोर बसलेली. मध्ये एक ताट. आणि ही पोर माझं मराठी त्याला समजावून सांगत होती!

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यालाही आत्ताच कळलं असावं, मी कधी काय विचारलं नव्हतं ते. टिंबूनं दोघांना पाणी वाढलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भांडलो. दुपारी, दारं-खिडक्या सताड उघडी असताना. मी म्हटलं, तू उद्या जा म्हणालास आणि माझी आई वाट बघत गेली. हे दोन वर्षांपूर्वी म्हणायचं राहिलं होतं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तोही ओरडला — मला काय माहीत होतं, रोज गाडीत बसल्यावर तेच आठवतं, तू विचारलंस कधी? मी रडले. तोही. शेजारीण दारात येऊन बघून गेली, पहिल्यांदा आमची पाळी!

टिंबू मध्ये येऊन उभी राहिली. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यानं गुडघ्यावर बसून तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "तू नको सांगूस काही, पिल्ला. आमचं आम्ही बोलतोय."

ती त्याच्या हातातून सुटली. मग चपला घातल्या आणि म्हणाली, "चालू द्या तुमचं. मी खेळायला चालले."

जाताना दार आपटलं.