देवकीबाईंचं मत

आटगाव,
६ एप्रिल २०२५

ती. सौ. देवकीमावशीस,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन तुझ्या नावावर आणि राहतो जयरामकाकांच्या खिशात, त्यामुळे तुझ्याशी चार शब्द बोलायचे तर मला पाकीट, तिकीट आणि पोस्टाची पेटी शोधावी लागते. पडघ्याच्या गोदामात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलींना वाटतं मी कुणालातरी प्रेमपत्रं लिहिते. मावशीला लिहिते म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

पोरगी मंत्री झाली असं आईने तुला कळवलं, ते काय प्रकरण आहे म्हणून तू विचारलंस. तर मोबाईलवर 'प्रांतसभा' नावाचा एक खेळ आहे. त्यात खोटा देश, त्याचे खोटे प्रांत, आणि कुठले कुठले लोक आपापल्या घरी बसून त्यात कायदे मांडतात, भांडतात, मतं देतात. ज्याचं खातं त्याला मत. आमच्या सह्यतळ प्रांतात चाळीसेक माणसं आहेत आणि मी तिथली पाणीमंत्री.

गेल्या महिन्यात मी मांडलेला 'धरणाशेजारच्या गावाला पहिलं पाणी' हा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर झाला. स्क्रीनवर टाळ्यांची चित्रं पडली. मी त्या वेळी आमच्या आळीत टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होते, आणि भातसा धरणाचं पाणी रोजच्यासारखं मुंबईला चाललं होतं. पाणीमंत्री म्हणून कुणी पुढे सोडलं नाही.

तुझ्या ग्रामपंचायतीच्या मेंबरकीचं काय चाललंय ते कळव. काकांना नमस्कार सांग, किंवा नको सांगूस, मग पत्र आल्याचं कळेल. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी हरकत नाही.

तुझी,
अक्षदा


शिवणपाडा, वैशाखऱ्याजवळ,
१२ एप्रिल

चि. अक्षदास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं मंत्रिपद वाचून हसून पुरेवाट झाली. आमच्या अंगणवाडीच्या भिमीला पण वाचून दाखवलं. तिने विचारलं, गाडी मिळते का.

आता माझं ऐक गो. तू खोट्या सभेत खरीखुरी बसतेस आणि मी खऱ्या सभेत नावापुरती. बायकांची जागा होती म्हणून अर्ज माझा भरला, बॅनरवर फोटो माझा लागला, हार यांच्या गळ्यात पडले. तेव्हापासून मीटिंगला हेच जातात. माझ्या खुर्चीत बसतात आणि देवकीबाईंचं मत असं आहे, देवकीबाईंचं मत तसं आहे, म्हणून सांगतात. मग महादू शिपाई सहीला घरी येतो. मी भाकऱ्या थापत असते, हाताचं पीठ पुसते आणि सही करते. कशावर केली ते महादूला पण माहीत नसतं. कुणी काय बोलत नाय, कारण बाकीच्या बायांच्या घरी पण तसंच चालतं.

इतके दिवस मला पण त्याचं काय वाटलं नाय. पण आता ओढ्याचा विषय आलाय. पाड्यावरची पोरं अंगणवाडीला जातात ती ओढा उतरून. गेल्या पावसात भिमी दोन पोरं कडेवर घेऊन येताना घसरली. पोरं वाचली, तिचा हात मोडला, तो अजून सरळ होत नाय. तेव्हापासून मी ओढ्यावर साकव मागते, लहानसाच पूल, माणूस चालेल एवढा. आणि आमच्या यांना फाट्यावर कमान पाहिजे. वर 'सुस्वागतम्' आणि खाली सगळ्या मेंबरांची नावं. दोन्ही काय व्हायचं नाय. तेरा मेच्या मीटिंगला मतं घेणार आहेत. तिघं साकवाला, तिघं कमानीला, सातवी मी. म्हणजे हे.

मी यांना दोनदा सांगून बघितलं. पहिल्यांदा यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्यांदा म्हणाले, आमी पण पाण्यातनंच शाळेत गेलो, आमाला काय झालं. कमानीवर नाव माझंच येणार, म्हणून मी खूश असेन असं यांना वाटतं.

मला त्या पोरांची काळजी लागून राह्यलीय गो. तुझ्या सभेत यावर काय कायदा असेल तर सांग. तब्येतीला जप आणि मंत्री झालीस तरी मावशीला विसरू नको.

तुझी मावशी,
सौ. देवकी


आटगाव,
१८ एप्रिल

ती. सौ. देवकीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. त्याच रात्री बसले आणि कायदा लिहून काढला. निवडून आलेल्या बाईचं मत बाईनेच द्यायचं. नवरा, दीर, भाऊ, मुलगा, कुणीही तिच्या वतीने दिलं तर ते मत बाद. नाव ठेवलंय 'देवकी कायदा'. सभेत तर आग लागली. एक जण म्हणतो हा कुटुंबसंस्थेवर घाला आहे. नंतर कळलं, तो अकरावीत आहे.

मतदान अकरा मेपर्यंत चालू आहे आणि तोवर दिलेलं मत बदलता येतं, म्हणून एकेकाला धरून ठेवावं लागतंय. वीस बाजूने, वीस विरोधात असं अडलं होतं. पण तू काळजी करू नकोस, मी तोड काढली. तुझ्या नावाने खातं उघडलं, तुझा हळदीतला फोटो लावला आणि तुझं मत बाजूने टाकून दिलं. आता आम्ही एका मताने पुढे आहोत. तुला काहीच करावं लागणार नाही. तू तशीही होच म्हणाली असतीस.

तेरा तारखेला मात्र तू स्वतः मीटिंगला जा. सरळ जाऊन आपल्या खुर्चीत बसायचं आणि बोलायचं, त्यात एवढं काय आहे? बायकांनीच आपला हक्क असा दुसऱ्याच्या हातात दिला तर कसं व्हायचं.

आशीर्वाद असू दे. या कायद्याला त्याची फार गरज आहे.

तुझी,
अक्षदा


शिवणपाडा,
२३ एप्रिल

चि. अक्षदा हिस,
जयरामकाकांचे अनेक शुभाशीर्वाद. पत्रास कारण की,

तुझे दि. १८ चे पत्र पोस्टमनने माझ्या हाती दिले. दुसऱ्याचे पत्र फोडणाऱ्यातला मी नाही. परंतु पाकीट नीट चिकटलेले नव्हते.

तुझ्या मावशीवर अन्याय होतो असा तुझा समज दिसतो. तो दूर करणे माझे कर्तव्य आहे. सौ.स मीटिंगचा त्रास नको म्हणून मी घरची कामे सोडून जातो. कमानीबाबत मी तिचे मत रीतसर विचारले. ती काही बोलली नाही, म्हणजे तिची संमती आहे. आजवर माझ्या कुठल्याही गोष्टीला ती नाही म्हणालेली नाही, यावरून आमच्यात किती एकमत आहे हे तुझ्या ध्यानी येईल.

ती ऑनलाईन सभा मात्र चांगली वाटली. सुशिक्षित लोकांत ऊठबस होते. माझे एक खाते काढावे. तोपर्यंत मावशीच्या खात्याचा पासवर्ड मला कळवावा, तिचे सर्व व्यवहार मीच पाहतो. त्या कायद्यात थोडी दुरुस्ती सुचवीन.

आईवडिलांना नमस्कार. गैरसमज नसावा, लोभ असावा.

तुझा काका,
जयराम
(ग्रा. पं. सदस्य यांचे पती)


शिवणपाडा,
२४ एप्रिल

चि. अक्षदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, उघडलेलं. यांनी आधी वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं, मधली वाक्यं गाळून. ती मी नंतर वाचली.

तुझ्या कायद्याला माझं मत दिलंस. मला विचारलं नाय, कळवलं ते पण देऊन झाल्यावर. तू तशीही होच म्हणाली असतीस, असं लिहिलंस. अगो, हे पण अगदी असंच म्हणतात. शब्दाला शब्द तोच. नवऱ्याने दिलेलं मत बाद, दिराने दिलेलं बाद, भाचीचं तेवढं तू लिहायचं विसरलीस. मी रागावले नाय असं लिहिणार होते, पण रागावले आहे.

मीटिंगला सरळ जायचं म्हणतेस, तुला ते सोपं वाटतं. लग्न करून आल्यापासून मी यांना कुठल्या गोष्टीला नाय म्हटलेलं नाय. म्हणायचं कसं तेच माहीत नाय. शब्द तोंडापर्यंत येतो आणि मी विचारते, भाजीत मीठ बरोबर आहे ना. त्या साकवासाठी जीव तुटतो माझा, पण सगळ्या बाप्यांसमोर आणि यांच्यासमोर उभं राह्यचं म्हटलं की पाय उंबऱ्याबाहेर पडत नाय.

तो पासवर्ड मला पाठव. यांना नको. भिमीच्या नावाने, अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक. तिच्याकडे फोन आहे. पाकीट नीट चिकटव.

राग आहे तरी माया तेवढीच आहे, हे लक्षात ठेव.

तुझी मावशी,
देवकी


आटगाव,
२९ एप्रिल

ती. देवकीमावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि मान खाली गेली. वर काढायला दोन दिवस लागले. चुकलं माझं. पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीवर आहे. खातं तुझं, मत तुझं. फक्त आहे ते मत तसंच राहू दे, एवढी विनंती. आम्ही एकानेच पुढे आहोत.

काकांना कळवलंय की नवीन खाती सध्या बंद आहेत. मंत्र्यांना थोडं खोटं बोलावं लागतं.

तुझी,
अक्षदा


आटगाव,
१२ मे

ती. सौ. देवकीमावशीस,
नमस्कार.

काल देवकी कायदा पडला. वीस विरुद्ध एकवीस. विरोधात शेवटचं मत कुणाचं, हे तिथे सगळ्यांना नावानिशी दिसतं. तिथे तुझा हळदीतला फोटो आहे आणि खाली तांबड्या अक्षरात 'विरोध'. ज्या बाईसाठी कायदा केला तिनेच तो पाडला, म्हणून सबंध प्रांत मला हसतोय. त्या अकरावीतल्या पोराने तुझ्या अभिनंदनाचा ठराव मांडलाय.

बोट चुकून पडलं असेल तर तसं सांग, मी समजून घेईन. मुद्दाम केलं असशील तर का, ते सांग. राजीनामा लिहून ठेवलाय. रागात आहे म्हणून जास्त लिहीत नाही. उद्या तुझी मीटिंग आहे हे लक्षात आहे, आणि रागातसुद्धा त्याचीच काळजी वाटते, याचा आणखी राग येतो.

तुझीच,
अक्षदा


शिवणपाडा,
१६ मे

चि. अक्षदास,
मावशीचे खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

बोट चुकलं नाय. मुद्दाम केलं.

मला नाय म्हणून बघायचं होतं गो. घरात एकदम म्हणायची छाती नव्हती, म्हटलं आधी तुझ्या खेळात म्हणू. रविवारी भिमीच्या ओटीवर बसून ते 'विरोध' दाबलं. वाटलं आता काय होतंय कुणास ठाऊक. तर काय झालं नाय. भिमीची शेळी ओरडत होती ती ओरडतच राह्यली. कुणी ताट सरकवलं नाय, कुणी आवाज चढवला नाय. मग मला वाटलं, हे आपल्याला जमेल. तुझं नुकसान झालं ते कळत होतं, पण दुसऱ्या कुणाला पह्यलं नाय म्हणणं मला जमलं नसतं. तू आपली आहेस म्हणून जमलं.

मंगळवारी हे निघाले तशी मी पण लुगडं बदलून निघाले. यांना वाटलं चहापाण्याचं बघायला येते. कचेरीत गेल्यावर हे सवयीने माझ्या खुर्चीत बसले आणि मी समोर उभी राह्यले. धाऊ सरपंचाने महादूला अजून एक खुर्ची आणायला लावली. महादूने ती आणली, दाराबाहेर मांडली आणि यांना तिथं हवा चांगली येते म्हणून सांगितलं. कमानीची मतं घेताना हे दारातून म्हणाले की देवकीबाईंचं मत कमानीला आहे. मी नाय म्हटलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाय, म्हणून परत म्हटलं. मग साकवाला हात वर केला. चारास तीन. साकव मंजूर झाला गो. भिमी रडली, मी पण रडले.

येताना हे दहा पावलं मागे चालत होते. दोन दिवस घरात एक शब्द नाय, जेवण मात्र दोन्ही वेळचं झालं. काल हळूच विचारलं, साकवाच्या पाटीवर नावं कशी लावायची ठरली. मी म्हटलं, अजून माझं मत झालेलं नाय.

राजीनामा फाडून टाक. तुझा कायदा पडला याचं मला खरंच वाईट वाटतं, कायदा चांगला होता. परत मांड. पण या वेळी माझं मत पाहिजे असेल तर इथं येऊन माग. देईनच असं नाय.

तुझी मावशी,
देवकी