उजवीकडे एक जास्त

आपिया, शुक्रवार

प्रिय लुसिया,

देवमाता तुझ्या गुडघ्यांवर कृपा ठेवो. ऑकलंडच्या थंडीत ते कुरकुरत असणार आणि तू कुणाला सांगत नसणार, हे मला इथे बसून कळतं. माझी तब्येत उत्तम. (मी वारले अशी आवई तुझ्यापर्यंत आली असेल तर तिकडे लक्ष देऊ नकोस. खुलासा खाली आहे.)

माझी नात तिरेसा रसायनशास्त्रात नापास झाली. हायड्रोजन जळून पाणी होतं, त्या समीकरणात तिने लिहिलं: 2H₂ + O₂ → 3H₂O. म्हणजे हुबेहूब शाळेतलं तुझंच उत्तर. सिस्टर इमॅक्युलातांनी फळ्यावर खडू आपटत विचारलं होतं, हे तिसरं पाणी आलं कुठून, आणि वेण्यांना खोबरेल चोपडलेली तू शांतपणे म्हणालीस, "सिस्टर, घेतलं तेवढंच परत दिलं तर लोक काय म्हणतील?" वर्ग हसला, मीही हसले, पण आपल्या सामोआतली एकही मुलगी मनातून तुला चूक म्हणत नव्हती. त्या शून्यापायी तुला शिवणाच्या वर्गात बसवलं, तिथून तू ऑकलंडला शर्टांच्या कारखान्यात गेलीस आणि बाकावर मी एकटी उरले. अजूनही खडूचा वास आला की मी सरकून तुला जागा करते. आता तिरेसाची फेरपरीक्षा. त्यातही नापास झाली तर नवी मास्तरीण (टाचांचे बूट, स्वतःच अजून लेकरू) तिलाही शिवणात धाडणार होती. हे मी दुसऱ्यांदा पाहणार नव्हते. मी टपाल खात्यातून निवृत्त झाले आहे, अकलेतून नाही.

म्हणून घरातली सर्वांत चांगली चटई अंथरली. डावीकडे तारोचे चार कंद, तो हायड्रोजन. मासळीचे दोन डबे, तो ऑक्सिजन. उजवीकडे पाण्याचे ढीग, प्रत्येकात दोन कंद, एक डबा. दोन ढिगांत सगळं संपलं. तिसरा कर म्हटलं, तर पोरगी आणखी डबे आणायला स्वयंपाकघराकडे निघाली. दंड धरून बसवली. पण आपल्या नुसत्या खांबांवरच्या, भिंती नसलेल्या घरात काय लपतं? खोकल्यामुळे मी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला नव्हते, आणि इथे उत्तम चटई, कंद, डबे, मयताला मांडतात तसेच मांडलेले. रस्त्याने जाणाऱ्यांनी अर्थ लावला: फिलोमेना गेली. पहिली आली फेतू (आपल्या वर्गातली रडकी, अजून तशीच), डोक्यावर बिस्किटांचा डबा, डोळ्यांना धार. मला पाहून दचकली, मग चिडली. "जिवंत आहेस तर तसं सांगायचं. आता हा डबा परत न्यायचा का मी?" तिच्यामागे अर्धं गाव. आणलेलं ते परत नेणार कसे, आणि मी त्यांना वर काही जास्त दिल्याशिवाय पाठवणार कशी? कंद गेले, डुकराचं पिल्लू गेलं, चटई गेली. माझ्याच मयताला मीच सगळ्यांना कोको पाजला.

तिरेसा म्हणाली, "आजी, उजवीकडे फारच जास्त झालं."

"अगं, ही माणसं आहेत," मी ओरडले. "हायड्रोजनला नातलग नसतात."

तुझी (जिवंत)
फिलोमेना

ता. क. तिरेसा पास झाली. दोन्ही बाजू समान का असतात, या प्रश्नाला तिने लिहिलं, "हायड्रोजनला नातलग नसतात." मास्तरणीने पूर्ण गुण दिले. बुटांबद्दलचं मागे घेते.

आणखी ता. क. गेलेली ती चटई तुझ्या आईची, तू जाताना माझ्याकडे ठेवलेली. फेतूकडे आहे. दिलेलं मला परत मागता येत नाही. पण तू स्वतः पाहुणी म्हणून तिच्यापुढे उभी राहिलीस तर तिला ती द्यावीच लागेल, वर एखादी जास्तच. नाताळला ये. मी सरकून बसले आहे.