भांडण देवाशी नव्हतं

पप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितेय, कारण गेल्या महिन्यात माझी मुलगी घर सोडून गेली. घाबरू नका, लांब गेली नव्हती. शाळेतून परस्पर मेट्रोत बसली आणि चामराजपेटला आपल्या घरी आईकडे जाऊन राहिली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. पंधरा वर्षांची आहे. कपाळ तुमचं घेतलंय. दुखावली की एकदम गप्प होते, ते मात्र आईचं. माझ्यात तुमचं काय उतरलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

झालं असं की तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी मला भेटायला बोलावलं. वर्गात त्यांनी ‘घरातले आवाज’ असा विषय दिला होता. कुणी मिक्सरबद्दल लिहिलं, कुणी कुत्र्याबद्दल. बाईंनी वही माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीकडे बघत बसल्या. माझ्या मुलीने लिहिलं होतं की आई दाराला किल्ली कशी लावते त्यावरून मला कळतं, आज हॉलमध्ये बसायचं की खोलीत जाऊन दार लावायचं. किल्ली एका फटक्यात फिरली तर खोलीत जायचं. एवढंच. कुठेही तक्रार नाही, हवामान लिहावं तसं लिहिलेलं. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्या हळूच म्हणाल्या, “पाणी देऊ का, मॅम?” मी नको म्हणाले, वही घेतली आणि निघाले. गाडीत मला फक्त लाज वाटत होती. पण आमच्या नवव्या मजल्यावर लिफ्ट पोचेपर्यंत त्या लाजेचा राग झालेला होता. हा बदल माझ्यात किती पटकन होतो, पप्पा. तुमच्यातही व्हायचा.

मी वही तिच्यासमोर आपटली. “जगाला सांगत फिरतेस माझ्याबद्दल? एवढी भीती वाटते ना, मग शोध दुसरी आई. मी पण सुटेन.” आणि तिच्या देखत ते पान फाडलं. ती रडली नाही. खाली वाकून तिने कपटे गोळा केले आणि दप्तरात ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या बाबांच्या फोनवर मेसेज आला, आजीकडे आहे, न्यायला येऊ नका. मला काहीच नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जाऊन घेऊन या ना. माझा नवरा शांत माणूस आहे, तुम्हाला आवडला असता. ते म्हणाले, “मी आणली तर ती घरी येईल. तुझ्याकडे येणार नाही.”

त्या रात्रीपासून मला तो शनिवार सारखा आठवतोय. मी अकरा वर्षांची आहे, दादा चौदाचा. चामराजपेटच्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं कामाचं ठिकाण. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात आणि तुम्ही त्यावरून कवळ्या करता. गुलाबी मेणात एकेक दात बसवताना तुमचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. कुणा अनोळखी म्हातारीला भाकरी चावता यावी म्हणून तासन् तास खपणारे तुमचे ते हात, आणि तीच तुमची जीभ, यांचा मेळ मला लहानपणी कधी लागला नाही. त्या दिवशी आईने टेबल पुसताना मेणातल्या दातांचा ट्रे उचलून खिडकीत ठेवला आणि विसरली. एप्रिलचं ऊन. मेण मऊ पडलं, दात घसरले, दोन दिवसांचं काम गेलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवत होतो. तुम्ही हातात तो ट्रे घेऊन आलात. पहिल्यांदा प्लास्टरचा एक साचा भिंतीवर फुटला. मग तुम्ही म्हणालात, “तुला या घरात आणली तिथेच माझं चुकलं. गाता गळा सोडला तर देवाने दिलंय काय तुला?”

तुम्ही आमच्यावर हात कधी उगारला नाही, हे आई लोकांना अभिमानाने सांगायची. पण त्या दिवशी मी ताटातली भाकरी हातात धरून बसले होते आणि मला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान ते संपलं असतं. आईने साच्याचे तुकडे केरसुणीने गोळा केले. आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपासनेत गीत सुरू झालं तेव्हा ती उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. बेळगावहून लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या त्या छोट्या मराठी मंडळीत गीताची पहिली ओळ तीच उचलायची. त्या रविवारी पेटी एकटीच वाजली, मग कसेबसे बाकीचे लोक सुरू झाले. असे तीन रविवार गेले. घरी तुम्ही तिच्याशी गोड बोलत होता, एकदा जिलेबीही आणलीत. तिने ती आम्हाला वाढली.

चौथा रविवार प्रभुभोजनाचा, प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा होता. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. तुम्ही रांगेत पुढे गेलात, पाळकसाहेबांच्या समोर पोचलात, त्यांनी भाकर पुढे केली. तुम्ही हात पुढे केलेच नाहीत. मान हलवलीत, वळलात, आणि सगळ्यांच्या देखत बायकांच्या बाकांकडे आलात. मी आईच्या शेजारी होते. तुम्ही वाकून म्हणालात, “माझं चुकलं. मला माफ कर, म्हणजे मला प्रभुभोजनाला जाता येईल.” आमच्या मागच्या बाकावरच्या बायकांनी गाणं थांबवलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. आणि आई, जी तुम्हाला कधी उलटून बोलली नाही, ती तुमच्याकडे न बघता म्हणाली, “इथं नको. जिथं बोललात तिथं बोला. पोरांनी तिथं ऐकलंय.”

तुम्ही प्रभुभोजन न घेता घरी आलात. कोट काढला नाहीत, थेट स्वयंपाकघरात आलात आणि आम्हा दोघांना हाक मारलीत. आई तांदूळ निवडत होती. तुम्ही म्हणालात, “त्या दिवशी रागात जरा जास्त बोललो असेन—” तिने सूप खाली ठेवलं. “काय बोललात?” तुम्ही आमच्याकडे बघितलंत. “असेन नाही. काय बोललात ते सांगा.” मग तुम्ही ते वाक्य पुन्हा म्हणालात, पप्पा. अख्खं. तुमची हनुवटी हलत होती. मी तोवर तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणालात, “हे खोटं आहे. तू या घरात आलीस म्हणून हे घर आहे.” आईने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, “ऐकलं मी. हात धुवा, जेवायला बसा.”

हे सगळं इथेच गोड होऊन संपलं असं मी माझ्या मनाला सांगत आले. खरं तसं नव्हतं. आई पुढच्या रविवारीही गायली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि तुमचा राग काही जादूने गेला नाही. फक्त तो आला की तुम्ही बोलायच्या आत पुढच्या खोलीत जाऊन दार लावायचात. काय करत होतात ते मला कपड्यांवरून कळलं. खोलीत जमिनीवर कायम प्लास्टरची पूड असायची, आणि बाहेर यायचात तेव्हा तुमच्या काळ्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर पांढरे गोल उमटलेले असायचे. कधी एकदा, कधी दिवसातून तीनदा. आई ती पँट धुताना एक शब्द बोलायची नाही. आणि माफी मागून झाल्यावर तुम्ही तिला कधीच विचारलं नाहीत की आता झालं ना, आता गा की. हे मला आत्ता, माझ्यावर वेळ आल्यावर समजतंय. माफी मागणं एका दुपारचं काम होतं. न विचारता थांबणं, ते खरं. पाऊस सरत आला होता, तेव्हा एका दुपारी आई मोरीत चादरी घासताना गुणगुणायला लागली. पुढच्या खोलीत तुमचं घासायचं मशीन चालू होतं. तुम्ही ते बंद केलंत. मी दारातून बघितलं, हातात कुणाची तरी अर्धी कवळी धरून तुम्ही डोळे मिटून ऐकत बसला होतात. ती थांबल्यावर तुम्ही गुपचूप मशीन पुन्हा सुरू केलंत.

तर माझी मुलगी गेली, आणि मी काय केलं ते सांगते. मी प्रार्थना केली. खोटी नाही, मनापासून केली. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, देवाला म्हटलं, मी माझ्या लेकराचं मन मोडलंय, मला क्षमा कर. आणि खरंच हलकं वाटलं. तीन दिवस रोज असं केलं, रोज हलकं वाटलं. शनिवारी मी चामराजपेटला गेले तेव्हा जवळजवळ प्रसन्न होते. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, पण दार तीच उघडते. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आई, मी देवापाशी माफी मागितलीय, माझ्या मनाला आता शांती आहे. ती कोथिंबीर निवडत होती. “बरं केलंस की,” ती म्हणाली. “पण भांडण देवाशी होतं का तुझं?”

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून घेतली. “देव काय, तो बिचारा लगेच माफ करतोय. त्याला काय दुसऱ्या दिवशी तुझ्या हातचं जेवायचं नाही,” आई म्हणाली. “पोरगी वर गच्चीत आहे. जा. आणि समजावत बसू नको तिला.”

ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. शेजारच्या गच्चीवरच्या बाई पापड उलटत होत्या, मला बघून कानडीत म्हणाल्या, “अक्का, तुमची मुलगी आज आमच्याकडे इडली जेवली.” मी त्यांच्याकडे बघून हसले आणि मुलीसमोर खाली बसले. मला समजवायचंच होतं, पप्पा. ऑफिसमधला ताण सांगायचा होता, तुमच्याबद्दल सांगायचं होतं, रक्तातच आहे म्हणायचं होतं. ते सगळं गिळलं. म्हटलं, “मी तुला म्हणाले, दुसरी आई शोध. आणि म्हणाले, मी पण सुटेन. मग तुझं पान फाडलं. तू खरं लिहिलं होतंस म्हणून मी फाडलं.”

ती बराच वेळ नखाने टाकीवरचा चुना खरवडत होती. “‘सुटेन’ हे खरं होतं?”

“नाही. तुला लागावं म्हणून बोलले.”

“म्हणजे विचार करून बोललीस.”

“हो,” मी म्हणाले. हे कबूल करणं मला सगळ्यात जड गेलं. रागात तोंडातून निघून गेलं असं म्हणायला किती सोपं असतं. पण त्या क्षणी मी शब्द निवडला होता, सगळ्यात खोल जाईल असा.

“तू परत ओरडशील,” ती म्हणाली.

“ओरडेन कदाचित. नाही म्हटलं तर तुझा विश्वास बसणार नाही. पण मी मदत घेणारेय. एका बाईंची वेळ घेतलीय, समुपदेशक आहेत त्या. आणि राग आला तर मी घराबाहेर जाईन. तू खोलीत जायचं नाहीस. तू हॉलमध्येच बसायचंस.”

ती “सरी” म्हणाली. फक्त तेवढंच, हल्ली आमच्या घरात सगळेच ‘बरं’ऐवजी म्हणतात तसं. मी हात पुढे केला, तिने धरला नाही. खाली आल्यावर मी आईला म्हटलं, ती येत नाहीये. आई म्हणाली, “येईल. तू विचारू नको.” मी एकटीच परत गेले. तीन दिवसांनी ती आपली आपण घरी आली आणि खायला काय आहे म्हणून विचारलं. मी पोहे केले. त्या दिवशी आम्ही दोघी फक्त पोह्यांबद्दल बोललो.

आता मी दर गुरुवारी त्या बाईंकडे जाते. देवापुढेही बसते, पण आता हलकं वाटावं म्हणून नाही, दिवसभरात कुणाकुणाला काय बोलले ते आठवावं म्हणून. या महिन्यात दोनदा मी चप्पल घालून खाली गेले आणि सोसायटीच्या बागेला तीन-तीन फेऱ्या मारल्या. एकदा जायला जमलं नाही आणि आवाज चढला. त्याची माफी त्याच खोलीत मागितली, नवऱ्यासमोर. मुलगी अजून थोडी सावध असते. असू दे. कालच तिने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, तुझे पप्पा कसे होते गं? मी तिला बरंच सांगितलं, साच्याचंही सांगितलं, प्रभुभोजनाचंही. एक मात्र सांगितलं नाही. ते आईलाही माहीत नाही.

तुम्ही आजारी होता, शेवटचा महिना. आई दुपारची जरा पडली होती आणि मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्हाला एकेक घोट उतरायला फार वेळ लागत होता आणि मला ऑफिसला परत जायचं होतं, फोन सारखा वाजत होता. थोडी पेज तुमच्या शर्टावर सांडली. मी म्हणाले, “गिळा ना पटकन, मला तुमच्यापायी नोकरी सोडायची आहे का?” तुम्ही माझा हात थोपटलात आणि म्हणालात, “चुकलं गं माझं.” मी वाटी घेऊन उठले. त्यानंतर तुम्ही आठ-नऊ दिवस होता. मी रोज येत होते, रोज शर्ट बदलत होते, औषधं देत होते, आणि रोज ते बोलायचं राहून जात होतं, कारण तुम्ही विसरला असाल असं मी धरून चालले होते.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी धाडस झालं असतं की नाही, माहीत नाही. पण त्या दिवशी तुमचं काहीच चुकलं नव्हतं, पप्पा. पेज गरम होती. मी ती फुंकलीच नव्हती.